फुंकर

घाटीगावच्या पुढं डांबर संपतं.
तिथून बारा किलोमीटरला जीपनं सव्वा तास घेतला
आणि माझ्या मांडीवर
चौऱ्याऐंशी प्रश्नांचा फॉर्म उड्या मारत राहिला.

उपकेंद्राला कुलूप नव्हतं, हे आधी लिहिते.
माहोर सिस्टर होत्या. रजिस्टर होतं,
खाडाखोड नसलेलं.
नेब्युलायझर आहे का? आहे.
चालू स्थितीत? हो, चालू.
वीज? रात्री साडेदहा ते पहाटे चार.
"म्हणून मी ते मशीन घरी नेऊन ठेवते," सिस्टर म्हणाल्या,
"लोकांना दमही रात्रीच लागतो, तेवढं एक बरं."
फॉर्मप्रमाणे गुण: दोनपैकी शून्य.
उपकरण केंद्राबाहेर आढळले.

मग वस्तीत. सहरियांची चाळीसेक घरं,
दारांपेक्षा धूर जास्त.
मी पिशवीतून नळी काढली, म्हटलं, जोरात फुंका.
पुरुष हसले, एकमेकांना पुढं ढकलू लागले.
रामकटोरीबाईंनी ती माझ्या हातातून घेतली
आणि ओठांना लावली
फुंकणी लावतात तशी.
नवव्या वर्षापासून चूल फुंकणारी बाई,
तिला मी काय शिकवणार.
काटा एकशे तीसवर थांबला.
तिनं वाकून नळीत पाहिलं
आणि विचारलं, "पेटली?"

तिचा धाकटा दीर हरविलास.
वय फॉर्मवर एकोणचाळीस, खदानीत सोळा वर्षं.
तो झोपतो बसून,
गुडघ्यांवर कोपरं टेकून,
जणू आत्ता कुणी हाक मारील आणि उठावं लागेल.
त्याच्याकडं तीन कार्डं, रेशनच्या कार्डासोबत
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.
तिन्ही टीबीची. तिन्हींवर शिक्का: उपचार पूर्ण.
बेडक्यात तिन्ही वेळा काही सापडलं नव्हतं.
गोळ्या तिन्ही वेळा दिल्या होत्या,
त्यानं त्या खाल्ल्याही होत्या, एक दिवस न चुकता.
"टीबी असती तर गेली असती, दीदी," तो म्हणाला.
श्वास घेतला. परत घेतला.
"दगड असेल तर?"

दगडाला रकाना नाही.

मुकादम संध्याकाळी गूळ वाटायचा म्हणे,
छातीतली धूळ खाली बसावी म्हणून.
"गूळ मात्र चांगला असायचा."
त्याचा काटा सत्तर.
नळी परत देण्याआधी
तिचं तोंड त्यानं सदऱ्याच्या आतल्या बाजूनं पुसलं.

मग त्याच्या पोरानं ती हिसकावली. सात वर्षांचा असेल.
पिपाणीसारखी फुंकली: एकशे नव्वद.
दिवसभरातला सगळ्यात मोठा आकडा.
"लिहा की याचंही," रामकटोरीबाई म्हणाल्या.
मी म्हटलं, वयोगटात बसत नाही.
हे म्हणताना मी फॉर्मकडं बघत होते.

रात्री लष्करात परत.
आमची भाड्याची खोली दुसऱ्या मजल्यावर,
खाली फिकट गुलाबी फर्शी.
आईनं जागा फर्शीवरूनच पसंत केली होती:
मे महिन्यात पाठ टेकली
की पंख्याची गरज नाही.
आजही ती तशीच झोपली होती, गार, शांत,
तिचा श्वास मला ऐकूही येत नव्हता.

नळी धुतली. पाणी राहिलं असेल म्हणून
सहज फुंकून पाहिली.
चारशे दहा.
काटा परत शून्यावर आणताना
अंगठा उगाच जोरात दाबला गेला.

फर्शीवर पालथी पडून फॉर्म पूर्ण केला.
पोराचा आकडा मागच्या कोऱ्या बाजूला, पेन्सिलीनं.
आणि सिस्टरांच्या शून्यावर रेघ मारून दोन लिहिले.
साहेब विचारतील, खाडाखोड का?
सांगेन, मशीन आपल्या जागी होतं.
जागा कुठली,
हे चौऱ्याऐंशी प्रश्नांत
कुठंच विचारलेलं नाही.